कूपनवरच्या अटी: सूट नक्की कुणाच्या खिशातून जाते? (इंदूरहून ऑनलाइन विक्री)

शीतलामाता_कुर्ती

माल असा आहे: महेश्वरी कापडाचे शिवलेले कुर्ते १,२९९ रुपये, ओढण्या ७९९, स्टोल ४०१, शिवलेली जॅकेटं २,९९९ आणि साड्या साडेतीन हजारांच्या आसपास. सगळ्या किमती जीएसटी धरून. विक्री मार्केटप्लेसवर, माल इंदूरहूनच निघतो. सणाच्या सेलसाठी पोर्टलच्या माणसाचा आग्रह आहे की १५ टक्के कूपन लावाच, "त्याशिवाय दिसणार नाही".

कूपन तयार करायच्या पानावर इतके रकाने आहेत की डोकं चक्रावतं: किमान खरेदी, कमाल सूट, एका ग्राहकाला किती वेळा, फक्त प्रीपेड, पिनकोड, बजेट, दुसऱ्या ऑफरबरोबर चालेल की नाही. यातला कुठला रकाना खरोखर पैसे वाचवतो आणि कुठला फक्त गिऱ्हाइकाला वैतागवतो? आणि तीन वस्तू घेऊन एक परत आली, तर कूपनचं काय होतं? जीएसटीचं बिल कोणत्या रकमेवर करायचं?

जमाखर्च_४५२००१

ताई, रकाने नंतर भरा. आधी पोर्टलच्या माणसाकडून एका ओळीत लेखी घ्या: सूट विक्रेत्याची की प्लॅटफॉर्मची, की अर्धी-अर्धी? गिऱ्हाइकाला तिन्ही सारखीच दिसतात. तुमच्या वहीत तिन्हींचा हिशेब वेगळा.

एका कुर्त्यावर करून बघू. दर नमुन्याचे धरले आहेत, तुमच्या रेटकार्डातले घालून परत करा. किंमत १,२९९, त्यात ५ टक्के जीएसटी, म्हणजे करपात्र रक्कम १,२३७.१४. कमिशन १२ टक्के धरलं तर १५५.८८, फिक्स्ड फी ३०, शिपिंग ८५. या फीवर १८ टक्के जीएसटी लागतो, पण त्याचं क्रेडिट मिळतं (आपण भरायच्या जीएसटीतून तो वजा होतो), म्हणून तो सोडून दिला. हातात ९६६.२६. कापड, शिलाई, पॅकिंग मिळून ७८० पडत असतील, तर एका कुर्त्यामागे १८६ रुपये सुटतात.

आता तुमच्या खिशातलं १५ टक्के कूपन. गिऱ्हाईक देणार १,१०४.१५, करपात्र १,०५१.५७. कमिशन कमी झालेल्या किमतीवर लागलं तर फी २४७.५०, हातात ८०४.०७, सुटले २४ रुपये. कमिशन मूळ १,२९९ वरच लागलं, तर सुटतात ६९ पैसे. रुपये नाही, पैसे. म्हणून दुसरी ओळ हीही लेखी घ्या: कमिशन कोणत्या रकमेवर? काही पोर्टल प्रत्येक वापरलेल्या कूपनमागे वेगळी फी घेतात. तीही यात मिळवा.

१० टक्क्यांवर, कमिशन कमी किमतीवर धरून, ७८ रुपये सुटतात. आज जितका नफा आहे तितकाच टिकवायला १० टक्क्यांवर विक्री जवळपास २.४ पट व्हायला हवी आणि १५ टक्क्यांवर पावणेआठ पट. सेलमध्ये दुप्पट-अडीचपट होते. पावणेआठ पट होईल असं कुणी म्हणालं, तर त्याच्याकडून तेही लेखी घ्या!

स्वस्त मालावर मार याहून जास्त. फिक्स्ड फी आणि शिपिंग टक्क्यांनी कमी होत नाहीत. ४०१ च्या स्टोलवर ११५ रुपये ठरलेले जाणारच, त्यात १५ टक्के सूट म्हणजे आणखी ६० गेले. स्टोलवर स्वतंत्र कूपन लावूच नका. तो कुर्त्याबरोबरच्या कॉम्बोत घाला.

जीएसटीचं असं आहे. सूट तुमची असेल आणि विक्रीच्या वेळीच बिलावर दाखवली असेल, तर कर सूट वजा करून उरलेल्या रकमेवर. सीजीएसटी कायद्याचं कलम १५(३). सूट प्लॅटफॉर्मची असेल आणि ते १९५ रुपये तो तुम्हाला सेटलमेंटमध्ये देत असेल, तर कर पूर्ण १,२९९ धरून, कारण मोबदला गिऱ्हाइकाने दिला काय किंवा तिसऱ्याने दिला काय, कायद्याच्या लेखी तो मोबदलाच. इथे दोन चुका हमखास दिसतात. एक, ते १९५ "सूट" म्हणून वजा करून कमी कर भरला जातो. दुसरी उलटी: ते "इतर उत्पन्न" म्हणून नोंदवून त्यावर पुन्हा कर भरला जातो. सेटलमेंट रिपोर्टमध्ये विक्रेत्याची सूट आणि प्लॅटफॉर्मची सूट हे दोन स्तंभ वेगळे नसतील, तर ऑर्डरनिहाय रिपोर्ट मागवा.

माल गेल्यावर मनाने दिलेली सूट वेगळी. "रिव्ह्यू टाका, शंभर परत देतो" यातले शंभर करपात्र रकमेतून वजा होत नाहीत. विक्रीनंतरच्या सुटीसाठी करार आधी झालेला हवा, प्रत्येक बिलाशी तिचा संबंध दाखवता यायला हवा आणि घेणाऱ्याने क्रेडिट उलटवायला हवं. किरकोळ गिऱ्हाइकाशी यातलं काहीच जमत नाही. शिवाय पैसे देऊन रिव्ह्यू घेणं बहुतेक पोर्टलवर खातं बंद पाडणारं काम आहे.

पोर्टल तुमच्या पैशांतून आधीच कापून सरकारकडे भरतं, त्या करांचंही बघा. जीएसटीचा टीसीएस १० जुलै २०२४ पासून अर्धा टक्का, आयकराचा ई-कॉमर्सवाला टीडीएस १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्का. आयकर खात्याच्या डिसेंबर २०२३ च्या परिपत्रकाप्रमाणे सूट विक्रेत्याची असेल तर टीडीएस सूट वजा जाता रकमेवर, प्लॅटफॉर्मची असेल तर पूर्ण रकमेवर. रक्कम चिल्लर आहे, पण वर्षाअखेरीस विक्रीचा आकडा जुळत नाही तेव्हा कारण बहुतेक इथेच सापडतं.

डिस्पॅच_सियागंज

हिशेब पक्का आहे. आता रकान्यांचं.

सगळ्यात आधी "इतर ऑफरबरोबर चालेल का". बऱ्याच पोर्टलवर हे मुकाट्याने "चालेल" वर असतं. मग सेलची किंमत, वर कूपन, वर इन्स्टावर वाटलेला कोड, असं एकावर एक चढतं. १,२९९ चा कुर्ता सेलमध्ये २० टक्के कमी करून १,०३९ ला, त्यावर १५ टक्के कूपन आणि १० टक्क्यांचा कोड. दोन्ही टक्के बेरजेने लागले तर गिऱ्हाईक देतो ७७९, एकामागून एक लागले तर ७९५. वर दिलेला खर्च ७८०, कमिशन-शिपिंग वेगळंच. म्हणजे विकलेला प्रत्येक कुर्ता पदरचे पैसे घालून. कूपन सुरू झाल्यावर मोबाइलवर, विक्रेत्याच्या खात्यातून नव्हे तर साध्या ग्राहकाच्या खात्यातून, कार्टमध्ये वस्तू टाकून पेमेंटच्या पानापर्यंत जा आणि शेवटचा आकडा बघा. डॅशबोर्डवर जे दिसतं ते नियमांचं वर्णन असतं, आकडा कार्टमध्येच दिसतो.

दुसरं बजेट. बजेट संपलं की कूपन त्या क्षणी थांबत नाही. काही जणांनी ते आधीच "कलेक्ट" करून ठेवलेलं असतं, काहींच्या कार्टमध्ये लागलेलं असतं. त्यामुळे ठरवलेल्या बजेटच्या थोडं पलीकडे जाणारच. २०,००० रुपयांपर्यंतच जमणार असेल तर १६-१७ हजारच लिहा. आणि सुरू झालेल्या कूपनची टक्केवारी मधेच बदलता येत नाही, ते बंद करून नवं करावं लागतं, ही पद्धत अनेक पोर्टलवर आहे. म्हणून पहिलं कूपन पंधरा दिवसांचं नको. तीन दिवसांचं करा.

कोड देत असाल तर प्रत्येकाला वेगळा, एकदाच चालणारा. "महेश्वरी१०" असला सर्वांचा एकच कोड संध्याकाळपर्यंत कूपनच्या टेलिग्राम गटांत गेलेला असतो. नेहमीच्या गिऱ्हाइकांसाठी म्हणून काढलेली सूट मग ज्यांनी आयुष्यात महेश्वरी हातात घेतलं नाही ते वापरतात, आणि परतावेही तेच जास्त करतात.

"फक्त प्रीपेड" ही माझ्या मते सर्वांत कामाची अट. कॅश ऑन डिलिव्हरीत दारात नाकारलेलं पार्सल परत येतं तेव्हा विक्री शून्य, पण पॅकिंग गेलं, आठवडाभर माल अडकला आणि पोर्टलच्या नियमाप्रमाणे जाण्या-येण्याचं भाडंही काही वेळा आपल्याच माथी. कूपन प्रीपेडला बांधलं की ज्याला खरंच घ्यायचं आहे तोच ते वापरतो. पण मग बॅनरवर "१० टक्के सूट" असं मोठ्याने लिहून "प्रीपेड" तळाला बारीक अक्षरात ठेवू नका. शेवटच्या पानावर कूपन गळालं की गिऱ्हाईक कार्ट सोडून जातो, पैसे भरून पुढे जात नाही.

पिनकोडची अट दूरच्या झोनचं शिपिंग परवडत नसेल तरच. मात्र एक प्रकरण वेगळं आहे. ज्यांची जीएसटी नोंदणी नाही, त्यांना १ ऑक्टोबर २०२३ पासून पोर्टलवर माल विकता येतो, पण एनरोलमेंट नंबर घेऊन आणि फक्त आपल्या राज्यात. अशा विक्रेत्याने इंदूरहून पुण्याच्या मावशीला कूपन पाठवलं तर ऑर्डर पडणारच नाही. कूपनचा त्यात दोष नाही.

एका ग्राहकाला एकदाच, ही अट ठेवा, पण तिच्यावर फार विसंबू नका. घरात चार मोबाइल म्हणजे चार ग्राहक.

रामबाग_ग्राहक

आता घेणाऱ्याच्या बाजूने, कारण या अटी वाचायला शिकलं तर विक्रेत्याशी भांडायची वेळ कमी येते.

"२० टक्के सूट, कमाल १५० रुपये, किमान खरेदी ४९९" असं कूपन असेल, तर १५० ला ०.२० ने भागा. ७५० आले. म्हणजे पूर्ण २० टक्के मिळतात ते फक्त ४९९ ते ७५० या पट्ट्यात. १,५०० ची खरेदी केली तर खरी सूट १० टक्के, ३,००० ची केली तर ५. मोठ्या खरेदीवर टक्क्यांच्या कूपनपेक्षा ठरावीक रकमेचं कूपन बरं पडतं, आणि ते बहुतेक वेळा खाली सरकवल्यावर दिसतं.

बँकेच्या ऑफरबरोबर जोडताना क्रम महत्त्वाचा. कार्डाची किमान रक्कम सहसा कूपन वजा झाल्यावर मोजतात. ७९९ च्या दोन ओढण्या, १,५९८ झाले. कार्डावर १,५०० च्या वर १० टक्के. कार्टमध्ये १० टक्क्यांचं कूपन लावलं की रक्कम १,४३८, कार्डाची ऑफर गायब. दोन्ही हवी असतील तर कार्टमध्ये ७० रुपयांच्या वरची काहीतरी कामाची वस्तू वाढवा. तसं काही घ्यायचं नसेल तर दोन्हींतली एकच घ्या. नो-कॉस्ट ईएमआय निवडलात तर व्याजाइतकी सूट आधी वजा होते खरी, पण व्याजावरचा १८ टक्के जीएसटी कार्डाच्या बिलात येतो. शिवाय काही ठिकाणी ईएमआय निवडलं की साधं कूपन निघून जातं.

आता परताव्याचं. ताईंच्याच वस्तू घेऊ: १,२९९ + ७९९ + ४०१ = २,४९९. कूपन: २,४९९ वर २५० सूट. गिऱ्हाइकाने दिले २,२४९. सरळ पद्धत अशी की २५० रुपये तिन्ही वस्तूंवर किमतीच्या प्रमाणात वाटले जातात: कुर्त्यावर १२९.९५, ओढणीवर ७९.९३, स्टोलवर ४०.१२. स्टोल परत केला तर ३६०.८८ मिळणार. अनेकांना वाटतं ४०१ मिळायला हवेत आणि मग "चाळीस रुपये खाल्ले" म्हणून तक्रार. खाल्ले नाहीत, ते दिलेच नव्हते.

दुसरी पद्धत कडक: स्टोल गेल्यावर कार्ट २,०९८ वर आली, किमान खरेदी मोडली, म्हणून पूर्ण २५० परत वसूल. मग स्टोलचे मिळतात फक्त १५१. पद्धत कोणती हे ऑर्डर देण्याआधी अटींत लिहिलेलं हवं. ते पान आणि पेमेंटआधीचा ऑर्डरचा गोषवारा, या दोन्हींचा स्क्रीनशॉट ठेवा. नंतर त्या लिंकवर वेगळंच काही असतं.

माल विक्रेत्यानेच रद्द केला असेल तर पैसे परत येतात, पण वापरलेलं एकवेळचं कूपन आपोआप परत येईलच असं नाही. ते वेगळं मागावं लागतं. मागताना "कूपन परत द्या" असं मोघम लिहू नका. कोड, ऑर्डर नंबर, रद्द कुणी केलं आणि किती रुपयांचं नुकसान झालं, हे चारही लिहा.

तक्रारीचा रस्ता: आधी पोर्टलच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल. नाही झालं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथेही अडलं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनी बंगळूरला असली तरी इंदुरात. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. चाळीस रुपयांसाठी कुणी आयोगात जात नाही हे खरं, पण १९१५ वर नोंदवायला काही लागत नाही.

डिस्पॅच_सियागंज

वर प्रमाणात वाटायची जी पद्धत सांगितली, ती गिऱ्हाइकाला न्याय्य वाटते, पण विक्रेत्याला तिची झळ बसते, तेही ताईंना माहीत असू दे. स्टोल परत गेल्यावर गिऱ्हाइकाकडे २,०९८ चा माल राहिला आणि त्यावर २१० रुपये सूटही राहिली, जी २,४९९ पूर्ण न करणाऱ्याला मिळालीच नसती. वर स्टोलचं परतीचं भाडं. हे ओळखून मुद्दाम एक वस्तू भरतीला टाकणारे असतात. यावर उपाय किमान रक्कम वाढवणं हा नाही. किमान रकमेऐवजी नगावर सूट द्या: "कोणतेही दोन कुर्ते घ्या, दुसऱ्यावर २० टक्के". दोन्ही वस्तू मुळातच हव्या असलेल्या असतात, एका पार्सलमध्ये जातात आणि एका ऑर्डरचं शिपिंग वाचलं की सुटीचा बराच भाग तिथेच निघतो. फक्त पोर्टल दोन नगांचं शिपिंग एकदाच लावतं की दोनदा, ते बघून घ्या. दोनदा लावत असेल तर मी सांगितलेलं रद्द समजा.

मल्हारगंज_टॅग

मला विचाराल तर कूपन लावूच नका, सरळ किंमत ५ टक्क्यांनी उतरवा. गिऱ्हाइकाला कूपनच्या चौकटीवर टिचकी मारायची कटकट नाही, अटींवरून वाद नाही.

जमाखर्च_४५२००१

भिया, किंमत उतरवणं सोपं, चढवणं अवघड. काही पोर्टलवर सेलमध्ये घुसायला मागच्या ठरावीक दिवसांतल्या सर्वांत कमी विक्री किमतीच्याही खाली जावं लागतं. आज सरळ ५ टक्के उतरवले तर पुढच्या सेलला पायरी त्याखालून सुरू. शिवाय किंमत सर्वांना उतरते, कूपन फक्त चौकटीवर टिचकी मारणाऱ्याला. जे टिचकी न मारताच घेतात, त्यांच्याकडून पूर्ण पैसे येतात. हे फारसं सज्जनपणाचं नाही हे मान्य, पण कूपन या प्रकाराचं सगळं गणित यावरच उभं आहे.

ताईंच्या २,९९९ च्या जॅकेटबद्दल मात्र वेगळं सांगायचं आहे, तिथे कूपन उलट फायद्याचं ठरू शकतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून शिवलेल्या कपड्यांना नगाची विक्री किंमत कर वगळून २,५०० पर्यंत असेल तर ५ टक्के, वर गेली की १८. साड्यांना ही मर्यादा लागत नाही, त्या न शिवलेल्या कापडात येतात, तिथे साडेतीन हजारांलाही ५ च.

२,९९९ ला १८ टक्के धरून तुमच्याकडे करपात्र २,५४१.५३ राहतात, ४५७ सरकारला. तुमच्या खिशातलं १५ टक्के कूपन लावा: गिऱ्हाईक देतो २,५४९.१५, आता दर ५ टक्के, करपात्र २,४२७.७६. गिऱ्हाइकाला सूट ४५० ची, तुमच्या खिशातून कमिशनआधी फक्त ११४ गेले. बाकीचा फरक करातला.

पण हेच कूपन १० टक्के केलं तर घोळ. किंमत येते २,६९९. यात ५ टक्के कर धरला तर मूळ किंमत २,५७१, म्हणजे मर्यादेच्या वर, म्हणून १८ लागायला हवा. १८ धरला तर मूळ किंमत २,२८७, म्हणजे मर्यादेच्या आत, म्हणून ५ लागायला हवा. कर धरून २,६२५ च्या वर ते २,९५० पर्यंतच्या सगळ्या पट्ट्यात हाच पेच आहे. तिथे किंमत ठेवूच नका. २,९९९ वर कूपन द्यायचं तर साडेबारा टक्के किंवा जास्त द्या, किंवा ४८ रुपयांपर्यंतच ठेवा, अधलंमधलं नको. आणि लिस्टिंगचा टॅक्स कोड किमतीप्रमाणे दर बदलणारा आहे का ते आधी तपासा. कोड १८ वर ठोकलेला असेल तर किंमत खाली येऊनही बिल १८ चंच निघेल आणि ४५० पैकी मोठा वाटा तुमच्याच खिशातून जाईल. सूट प्लॅटफॉर्मची असेल तर यातलं काहीच लागू नाही, कारण तुमची विक्री किंमत २,९९९ च राहते.

शीतलामाता_कुर्ती

पट्ट्याचं हे कुणीच सांगितलं नव्हतं. दोन शंका उरल्या. पोर्टलचा माणूस म्हणतो १५ टक्के "सक्तीचे" आहेत, हे खरं का? आणि कूपनऐवजी कुर्त्यावर एक स्टोल फुकट दिला तर?

रामबाग_ग्राहक

सक्तीचं थोडक्यात: परदेशी गुंतवणूक असलेल्या मार्केटप्लेसने विक्री किमतीवर प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष प्रभाव टाकायचा नाही, अशी अट आहे. डिसेंबर २०१८ च्या प्रेस नोट २ मध्ये ती पुन्हा स्पष्ट केली, १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू. त्यामुळे कागदावर सक्ती नसते, असतं ते "ऑटो-एनरोल". सेटिंगमध्ये जाऊन प्रमोशनचा आपोआप सहभाग बंद आहे का बघा, आणि त्या माणसाला "सक्ती आहे" हे ईमेलवर लिहायला सांगा. सहसा लिहीत नाहीत.

दुसरं, तुम्ही स्वतः जाहिरात करणार असाल तर भाषेकडे लक्ष द्या. जून २०२२ च्या भ्रामक जाहिरातींच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे अट ज्या भाषेत दावा आहे त्याच भाषेत हवी. मराठी-हिंदीत "महासूट" आणि अटी तेवढ्या इंग्रजीत, हे चालत नाही. पाचच नग असतील तर माल मर्यादित आहे हे सांगावं लागतं. "फक्त १० मिनिटं उरली" असं दर वेळी नव्याने सुरू होणारं घड्याळही लावू नका. खोटी घाई हा नोव्हेंबर २०२३ मध्ये यादीत घातलेल्या १३ डार्क पॅटर्नपैकी (गिऱ्हाइकाला फसवणाऱ्या ऑनलाइन युक्त्यांपैकी) एक आहे, आणि ती यादी विक्रेत्यालाही लागू आहे.

जमाखर्च_४५२००१

स्टोल "भेट" म्हणून वेगळा पाठवलात, बिलावर शून्य, तर त्याच्या खरेदीवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट (इनपुट क्रेडिट) अडकतं, सीजीएसटी कायद्याचं कलम १७(५). तोच "कुर्ता + स्टोल, एकत्र १,२९९" असा एका किमतीचा सेट म्हणून लिस्ट केला, तर दोन वस्तू एका किमतीत विकल्या असं धरतात आणि क्रेडिट राहतं. मार्च २०१९ च्या ९२ नंबरच्या परिपत्रकात "एकावर एक फुकट" बद्दल हेच आहे. दोन्ही ५ टक्क्यांचेच, त्यामुळे दराचा प्रश्न येत नाही.

परताव्यातही सेट बरा पडतो: सेट परत करायचा तर दोन्ही वस्तू परत, स्टोल ठेवून कुर्ता तेवढा धाडता येत नाही. त्यासाठी दोन्हींचा एकच एसकेयू (मालाचा ओळख-कोड) करा, पिशवीवर एकच बारकोड लावा आणि पॅकिंगच्या वेळी वजन परत मोजा. ४९० ग्रॅमचं पार्सल स्टोल घातल्यावर ५०० च्या वर गेलं तर शिपिंगचा पुढचा स्लॅब लागतो, आणि कूपनमध्ये वाचवलेलं तिथे जातं.

डिस्पॅच_सियागंज

स्टोल पातळ प्लास्टिक पिशवीत घाला, खोक्यात नको. खोक्याचं आकारमानाचं वजन धरतात, काट्यावर ४७० ग्रॅम आलं तरी बिल एक किलोचं येऊ शकतं. लांबी × रुंदी × उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ५,०००. काही कुरियर ४,००० ने भागतात, ते आधी विचारा.